अपठित उतारा

बारावीच्या वर्गांत शिकणारी मुलगी किंवा मुलगा ज्या घरांत आहे, त्या घरांतील टेबलावर एक जाड इंग्रजी शब्दसंग्रह हटकून दिसतो. त्यांत हजारों शब्द आणि प्रत्येकापुढें मराठी अर्थ दिलेला असतो. पहिल्या पन्नास पानांवर रंगीत पेन्सिलीच्या खुणा असतात. पुढचीं पानें कोरीं. हें पुस्तक बहुधा वडिलांनीं आणलेलें असतें. सरावाच्या परीक्षेंत इंग्रजी उताऱ्यावरील प्रश्न चुकतात, त्या अर्थीं शब्द कमी पडत असावेत, असें घरांतील मंडळी धरून चालतात. मुलगी शब्द पाठ करते, पुढचा उतारा सोडविते, आणि पुन्हां जवळजवळ तितकेच प्रश्न चुकतात. तिसऱ्या खेपेस घरांत बोललें जातें कीं, हिला इंग्रजी जमणार नाहीं. मराठी माध्यमांतून आलेल्या मुलीच्या बाबतींत तर हा निकाल फार लवकर लागतो, आणि तीही तो मुकाट्यानें मान्य करते.

ह्या निकालाची फेरतपासणी करण्यास एक साधा उपाय आहे. चुकलेल्या उताऱ्यांतील न कळलेल्या शब्दांखालीं तिलाच रेघा मारावयास सांगावें. पुष्कळदां असें आढळतें कीं, पानभर उताऱ्यांत अशा रेघा पांचसहाच निघतात, आणि चुकलेल्या उत्तरांशीं त्यांचा संबंध नसतो. शब्द कळले होते. म्हणणें कळलें नव्हतें.

ह्याची किंमत आज किती मोठी आहे, तें एका परीक्षेवरून पाहतां येईल. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत बारावीनंतर प्रवेश मिळविण्यासाठीं 'क्लॅट' नांवाची परीक्षा द्यावी लागते. महाराष्ट्रांतील मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील अशीं तिन्ही विद्यापीठें ह्याच परीक्षेनें विद्यार्थी घेतात. २०२० सालापासून ह्या परीक्षेचें स्वरूप पालटलें. सुटे प्रश्न जाऊन त्यांच्या जागीं सुमारें ४५० शब्दांचे उतारे आले आणि प्रत्येकाखालीं प्रश्न आले. डिसेंबर २०२३ मधील परीक्षेपासून दोन तासांत १२० प्रश्न असतात. त्यापूर्वीं ते १५० होते. इंग्रजीच्या नांवाचा विभाग त्यांत एक पंचमांशच. परंतु कायद्याची समज, तर्क आणि चालू घडामोडी हे विभागही उताऱ्यांवरच उभे असतात. म्हणजे ज्याचें वाचन कच्चें, त्याचा तोटा एका विभागापुरता राहत नाहीं. तर्कांत तरबेज असलेली मुलगी तर्काच्या प्रश्नांत मागें पडते, कारण तर्क करण्यापूर्वीं उतारा वाचावा लागतो.

उतारा चुकीचा वाचला जाणें ही केवळ परभाषेंत शिकणारांची अडचण आहे, असें मात्र समजूं नये. न्यूयॉर्क येथील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक ह्यांनीं १९१७ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनीं अमेरिकन शाळांतील मुलांना लहान लहान परिच्छेद वाचावयास दिले आणि त्यांवर प्रश्न विचारले. एका परिच्छेदांत फ्रँकलिन नांवाच्या गांवचा नियम होता: सात ते चौदा वर्षांच्या मुलांनीं शाळा भरेल त्या प्रत्येक दिवशीं हजर राहावें, मात्र मूल फार आजारी असेल, घरांत कोणास सांथीचा रोग असेल किंवा रस्ते बंद असतील तर सूट. परिच्छेदाचा विषय कोणता, असें विचारल्यावर कांहीं मुलांनीं नुसतें 'फ्रँकलिन' असें लिहिलें. एका ठसठशीत नांवानें सारा परिच्छेद गिळून टाकला होता. थॉर्नडाइकनें ह्यावरून असें दाखविलें कीं, वाचतांना एखादा शब्द मनांत वाजवीपेक्षां जड होतो आणि दुसरा वाजवीपेक्षां हलका. परिच्छेद समजून घेणें हें गणित सोडविण्यासारखें काम असून त्यांत प्रत्येक घटकाला त्याचें योग्य वजन द्यावें लागतें. ज्यांना 'मात्र' ह्या शब्दाचें वजन कळलें नाहीं, त्यांना नियम कळला नाहीं.

मराठी वाचकाच्या बाबतींत ह्या वजनाच्या चुकीला आणखी एक कारण आहे, आणि तें आपल्या वाक्याच्या घडणींत आहे. मराठींत अट सहसा आधीं येते: कालवे पावसाळ्यापूर्वीं दुरुस्त झाले, तर योजना शेतकऱ्यांच्या उपयोगी पडेल. क्रियापद शेवटीं असल्यामुळें वाचक तेथपर्यंत थांबतो. अट त्याच्या नजरेतून सुटूंच शकत नाहीं. इंग्रजी लेखक तेंच वाक्य पुष्कळदां उलट्या बाजूनें लिहितो. योजना शेतकऱ्यांच्या उपयोगी पडेल, हें तो आधीं सांगून टाकतो, मग 'प्रोव्हायडेड' असा एक शब्द येतो आणि त्यामागून कालव्यांची गोष्ट. मराठी डोळ्याला क्रियापद भेटलें कीं वाक्य संपल्यासारखें वाटतें. मागची शेपटी तो नुसती पाहून पुढें जातो, आणि परीक्षकाचा प्रश्न नेमका त्या शेपटीवर असतो. 'अनलेस', 'ऑल्दो', 'एक्सेप्ट' हे शब्द दिसतांच पेन्सिलीनें त्यांभोंवतीं वर्तुळ काढण्याची संवय पहिल्या महिन्यांत लावून घ्यावी. पुढें वर्तुळाची गरज राहत नाहीं. त्याच जातीचा आणखी एक चोर म्हणजे 'हार्डली'. तो 'हार्ड'चा भाऊ दिसतो, म्हणून मुलें त्याचा अर्थ कष्टानें किंवा जोरानें असा करतात. वस्तुतः तो 'जवळजवळ नाहींच' असें सांगत असतो. 'अ फ्यू' म्हणजे कांहीं थोडे, आणि त्यांतील एक अक्षर गेलें कीं नुसतें 'फ्यू' म्हणजे फारसे नाहींतच. एका अक्षरानें होकाराचा नकार होतो.

अनोळखी शब्दांहून ओळखीचे शब्द अधिक फसवितात, हें शब्दसंग्रह पाठ करणारांच्या ध्यानांत येत नाहीं. मराठी घरांत इंग्रजी शब्द रोज बोलले जातात, पण त्यांचा एकेकच अर्थ घरांत आलेला असतो. रुग्णालयांतून निरोप येतो कीं पेशंट क्रिटिकल आहे; म्हणून लेखकाची 'क्रिटिकल' दृष्टि म्हटल्यावर मुलीला ती अत्यवस्थ वाटते, चिकित्सक वाटत नाहीं. दोघां भावांचें 'आर्ग्युमेंट' झालें म्हणजे भांडण झालें. उताऱ्यांतील 'आर्ग्युमेंट' हा युक्तिवाद असतो व तो एकटा माणूसही शांतपणें करूं शकतो. कचेरींत रजा 'सँक्शन' होते. राष्ट्राराष्ट्रांच्या उताऱ्यांत 'सँक्शन्स' म्हणजे निर्बंध. परीक्षेंत 'क्वालिफाय' झाला म्हणजे पात्र ठरला. परंतु एखाद्या धोरणास 'क्वालिफाइड' पाठिंबा दिला, म्हणजे तो सशर्त, हातचें राखून दिला. असे शब्द कोणत्याही मुलीकडून रेघेखालीं येणार नाहींत, कारण ते आपणांस येतात अशी तिची खात्रीच असते.

आतां उताऱ्याच्या एकंदर रचनेकडे वळावयाचें. आपल्या शास्त्रग्रंथांतून आधीं पूर्वपक्ष मांडतात आणि मग सिद्धान्त. प्रतिपक्षाचें म्हणणें इतक्या प्रामाणिकपणें व विस्तारानें दिलेलें असतें कीं, नवशिक्याला तेंच ग्रंथकाराचें मत वाटावें. इंग्रजी निबंधकारही हीच चाल खेळतो. शहरांत उंच इमारती झाल्यानें घरें वाढतात, जमीन वांचते, रस्ते व पाणी पुरविणें सोपें होतें, असें तो दहा ओळी सांगतो. मग एक 'हाउएव्हर' येतो आणि शेवटच्या चार ओळींत तो आपलें खरें मत, म्हणजे ह्या इमारतींत शेजार मरतो हें, मांडतो. लेखकाचें मत कोणतें, ह्या प्रश्नास दहा ओळींचें उत्तर देणारी मुलगी अडाणी नसते. तिनें ओळी मोजल्या, दिशा पाहिली नाहीं. पूर्वपक्ष हा शब्द घरांत एकदां समजावून दिला, तर अर्ध्या प्रश्नांतील धुकें नाहींसें होतें. तो समजावण्यास इंग्रजीही लागत नाहीं.

सराव घरीं कसा करावा, हें आतां पाहूं. पूर्वींच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घेऊन बसत आणि एकेक वाक्य मराठींतून इंग्रजींत व इंग्रजींतून मराठींत करीत. ह्या पद्धतीची आज थट्टा होते, ती अन्यायाची आहे. भाषांतर करणाराला 'अनलेस' गाळतां येत नसे. गाळला कीं वाक्यच उभें राहत नसे. त्या पद्धतीची मर्यादा इतकीच कीं, ती वाक्यापाशीं थांबे. आजच्या उताऱ्याला वाक्यांची नव्हे तर साऱ्या म्हणण्याची पारख लागते. म्हणून त्या जुन्या शिस्तींत थोडा फरक करावा. मुलीनें उतारा एकदां शांतपणें वाचावा, कागद पालथा घालावा आणि चारपांच वाक्यांत तो मराठींत कोणाला तरी सांगावा. ऐकणाऱ्या व्यक्तीला इंग्रजी येण्याची आवश्यकता नाहीं. किंबहुना न येणारीच व्यक्ति ह्या कामास अधिक चांगली. ज्या आईला आपण मुलीच्या अभ्यासांत कांहीं मदत करूं शकत नाहीं असें वाटत असतें, ती येथें उत्तम परीक्षक होते.

पहिल्या आठवड्यांत सांगणें असें असतें: "तो म्हणतो कीं डेव्हलपमेंट आणि एन्व्हायर्नमेंट ह्यांच्यांत बॅलन्स पाहिजे." ऐकणारीनें तेथेंच विचारावें, "म्हणजे काय करा म्हणतो?" मुलगी थबकते. शब्द तोंडांत होते, अर्थ हातांत नव्हता, हें तिला स्वतःलाच कळतें आणि ती कागद उलटून पुन्हां वाचते. हें दुसरें वाचन पहिल्या दहा वाचनांच्या तोलाचें असतें. आणखी दोन प्रश्न आईनें जवळ ठेवावेत: हा कोणाच्या विरुद्ध बोलतो आहे, आणि त्याचें म्हणणें कोणत्या अटीवर खरें आहे? ह्यावर कोणी आक्षेप घेईल कीं, परीक्षेंत मनांतल्या मनांत भाषांतर करीत बसल्यास वेळ कसा पुरावा? तो आक्षेप रास्त आहे, परंतु विहिरींत पोहावयास शिकणाराच्या पाठीला भोपळा बांधतात, तो काय जन्मभर बांधून ठेवण्यासाठीं? दोन महिन्यांत मराठींत सांगणें आपोआप गळून पडतें आणि अर्थ सरळ मनांत उतरूं लागतो.

उत्तरांचे चार पर्याय हें एक निराळेंच प्रकरण आहे. बरोबर उत्तर कोणतें हें सांगणें पुरेसें मानूं नये; उरलेलीं तीन कां चुकलीं, हें प्रत्येकाचें एकेक वाक्यांत सांगावें. कांहीं पर्याय उताऱ्यांतील शब्द जसेच्या तसे घेतात पण संबंध उलटा करतात; कांहीं अर्धे खरे असतात. उताऱ्यांत 'कांहीं शहरें' असतात आणि पर्यायांत 'सर्व शहरें' होतात, ही युक्ति तर नित्याची. सर्वांत घातक पर्याय मात्र तो, जो जगांत खरा असून उताऱ्यांत नसतो. बहुश्रुत मुलें येथें हटकून फसतात, कारण आपलें ज्ञान बाजूला ठेवणें त्यांना जड जातें. क्लॅटमध्यें बरोबर उत्तरास एक गुण मिळतो आणि चुकीच्या उत्तरास पाव गुण कापला जातो. चारांपैकीं दोन पर्याय सकारण बाद करतां आले, तर उरलेल्या दोहोंत अंदाज करणें फायद्याचें ठरतें: अशा दोन प्रश्नांत सरासरीनें एक गुण येतो आणि पावच जातो. कांहींच बाद न करतां ठोकलेल्या उत्तरांत हातीं लागण्यासारखें फारसें नसतें.

वेळेचा हिशेबही एकदां कागदावर मांडून पाहावा. १२० मिनिटांत १२० प्रश्न, म्हणजे पांच प्रश्नांच्या उताऱ्याला वाचनासह पांच मिनिटें. मिनिटाला दीडशें शब्द वाचणारीचीं तीन मिनिटें ४५० शब्दांतच जातात. सव्वादोनशें वाचणारीचीं दोन. हा एका मिनिटाचा फरक डोळे भरभर फिरवून मिळत नाहीं. एकदां वाचलेलें वाक्य पुन्हां वाचावें न लागल्यानें मिळतो. म्हणून रोज दहा उतारे उरकूं नयेत. दोन पुरेत: एक घड्याळ उलटें ठेवून, दुसरा घड्याळ समोर ठेवून. चुकांच्या वहींत शब्दाऐवजीं चुकीचें कारण लिहावें: 'अट सुटली', 'पूर्वपक्षाला सिद्धान्त समजलें', 'बाहेरची माहिती घातली'. तीन आठवड्यांनीं वही चाळली म्हणजे बहुधा असें दिसतें कीं चुका पुष्कळ आहेत, पण कारणें दोनच. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं अशी परीक्षा देणारें कोणी असेल, त्यांनीं शिकवणीचा नवा हप्ता भरण्यापूर्वीं ही वही एकदां पाहावी.

२०२३, २०२४ आणि २०२५ ह्या तिन्ही सालीं ही परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारीं, दुपारीं दोन ते चार ह्या वेळांत, कागदावर झाली. सराव मात्र बहुतेक मुलें रात्रीं अकरानंतर भ्रमणध्वनीच्या पडद्यावर करतात. शेवटचे तीन आठवडे तरी तो भर दुपारीं, जेवण झाल्यावर, छापील कागदावर आणि शेजारच्या घरांतील आवाज चालूं असतांना करावा. उतारे संपल्यावर ते ऐकावयासही कोणी हवें. तेव्हां वामकुक्षीची संवय असलेल्या आईला तेवढे दिवस ती सोडावी लागेल.