खिशातला सावकार



सावकार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पेढी, तक्क्याला टेकून बसलेला माणूस आणि लाल कापडात बांधलेली चोपडी उभी राहते. तो माणूस बरा असो की वाईट, त्याचे घर तरी आपल्याला ठाऊक असे. आज ज्या सावकाराविषयी मी बोलणार आहे त्याला पेढी नाही, घर नाही, पुष्कळदा नावही खरे नाही. तो आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये बसलेला असतो. ‘पाच मिनिटांत कर्ज, कागद नको, जामीन नको’ अशी जाहिरात येते. बोट लावले की अ‍ॅप उतरते, आधार कार्डाचा आणि चेहऱ्याचा फोटो दिला की पैसे खात्यात. पेरणी तोंडावर आली असेल किंवा घरात कोणी आजारी असेल, तर ही सोय कोणाला नको वाटेल?

आता हिशेब मांडू. शिक्षक बंधुभगिनींनी हे उदाहरण सातवीच्या वर्गात फळ्यावर घालायला काहीच हरकत नाही. समजा, कर्ज पाच हजारांचे. खात्यात जमा होतात तीन हजार. उरलेले दोन हजार ‘प्रक्रिया शुल्क’ म्हणून आधीच कापलेले. सात दिवसांनी फेडायचे मात्र पुरे पाच हजार. म्हणजे तीन हजारांवर सात दिवसांचे व्याज दोन हजार झाले, आठवड्याला शेकडा सहासष्टाहून जास्त! वर्षाचा दर काढलात तर तो शेकडा साडेतीन हजारांच्या आसपास जातो. दरमहा शेकडा पाच घेणाऱ्या सावकाराला आपण रक्तपिपासू म्हणत आलो. त्याचा वर्षाचा दर साठच होतो.

सातव्या दिवशी पैसे नसतात, हे त्यालाही ठाऊक असते. मग तोच दुसरे अ‍ॅप सुचवतो. त्यातून घ्या, याचे फेडा. असे करता करता तीन हजारांची गरज लाखाच्या घरात जाते.

पण तुम्ही विचाराल, जमीन नाही, दागिना नाही, मग हा पैसे देतो कशाच्या भरवशावर? इथेच खरी गोम आहे. अ‍ॅप उतरवताना ते परवानगी मागते: फोनमधली नावे पाहू का? फोटो पाहू का? आपण न वाचता ‘होय’ म्हणतो. त्या क्षणी मेहुण्याचा, व्याह्यांचा, मुलाच्या गुरुजींचा, साऱ्यांचा नंबर त्याच्या हाती जातो. त्याने गहाण ठेवून घेतलेली असते ती आपली अब्रू. हप्ता चुकला की या सगळ्यांना फोन सुरू होतात, शिवीगाळ होते, बाईमाणसाचा फोटो घाणेरड्या चित्राला जोडून पाठवण्यापर्यंत मजल जाते. या छळापायी माणसांनी जीव दिले आहेत. पाच हजारांसाठी!

आपल्या मुलुखाला असल्या रोख्यांचा अनुभव जुना आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले आणि ते लोण पुणे-नगर भागात पसरले. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला. रोख्यावर काय लिहिले एवढ्यावर न थांबता हाती खरोखर किती पैसे पडले, हे न्यायालयाने तपासावे, असे त्यात होते. तीन हजार देऊन पाच हजार लिहून घेण्याची विद्या, पाहा, किती जुनी!

आजचा कायदाही स्पष्ट आहे. कर्ज देण्याचा धंदा एकतर रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या बँकेने वा वित्तसंस्थेने करायचा, नाहीतर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली परवाना घेतलेल्या सावकाराने. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या गटाने २०२१ साली पाहणी केली, तेव्हा कर्ज देणारी सुमारे ११०० अ‍ॅप्स सापडली. त्यांतली ६०० बेकायदेशीर होती. त्यानंतर २०२२ मध्ये नियम आले आणि २०२५ मध्ये ते नव्याने घालून दिले गेले. फोनमधली नावे आणि फोटो अ‍ॅपला घेता येत नाहीत. कर्ज देणारी संस्था कोणती आणि सर्व खर्च धरून वर्षाचा दर किती, हे कर्जदाराला समजेल अशा भाषेत आधी लिहून द्यावे लागते. आपल्याला मराठी समजते, तर मराठीत मागा. कोणत्या संस्थेची कोणती अ‍ॅप्स आहेत, ही यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. तीत नाव नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. गूगलच्या दुकानातही साठ दिवसांच्या आत सगळी फेड मागणाऱ्या वैयक्तिक कर्जाच्या अ‍ॅपला मज्जाव आहे. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दुव्यावरून जे उतरवायला सांगतात, त्याच्याविषयी पहिल्यापासूनच संशय धरावा.

आणि जो आधीच अडकला आहे त्याने काय करावे? प्रथम घरात सांगावे. लपवाछपवीवरच तर याचा धंदा चालतो! एक अ‍ॅप फेडायला दुसरे घेऊ नये. धमकीचे निरोप पुसून टाकू नयेत. पडद्याचे फोटो, आलेले नंबर, पैसे ज्या खात्यात गेले त्याची नोंद, सारे जपून ठेवावे. मग अ‍ॅपच्या परवानग्या काढून घ्याव्यात. अ‍ॅप पुसले म्हणून आधी गेलेली नावे परत येत नाहीत, तेव्हा ओळखीच्यांना आपणच कळवावे: ‘माझ्या नावाने घाण निरोप येतील, विश्वास ठेवू नका.’ लाज वाटेल खरी, पण आपण आधी बोललो की त्याच्या हातातले हत्यार बोथट होते. नंतर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. धमकावून पैसे उकळणे हा गुन्हा आहे, मग कर्ज घेतलेले असो वा नसो.

गुरुजी आणि बाई, तुमच्याशी वेगळे दोन शब्द. एखाद्या दिवशी फोन येईल: ‘अमक्या पालकाने तुमचे नाव जामीन म्हणून दिले आहे, पैसे भरा.’ घाबरू नका. आपल्या संमतीवाचून कोणी आपल्याला जामीन करू शकत नाही. कोणाच्या फोनमध्ये आपला नंबर असणे म्हणजे जामीनकी नव्हे. एक पैसाही भरू नका. तो नंबर टिपून ठेवा आणि त्याच दिवशी त्या पालकाला भेटा, पण चार लोकांत नव्हे, एकांतात. त्याला आधीच कितीतरी फोन आले असतील. त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यापर्यंत जाता आले तर जा. अर्ज लिहून द्यायला तुमचा हात फार उपयोगी पडेल.

ज्यांच्याजवळ आता कागद-पेन्सिल आहे त्यांच्यासाठी तो क्रमांक पुन्हा सांगतो: एक, नऊ, तीन, शून्य.