माडखोलकरांच्या ठरावाचे देणे



महाड-पोलादपूरच्या या संमेलनात अध्यक्षाने सावित्री नदी आणि रायगड यांना वंदन करून गोड गोड बोलावे, असा शिरस्ता आहे. तो आज मोडावा लागेल, कारण हे व्यासपीठ एकदाच मिळते आणि तक्रार जुनी आहे. मराठीच्या राज्यासाठी जे गोळ्या खाऊन मेले, त्यांची आयुष्ये मराठी साहित्याने वाऱ्यावर सोडली. याचा जाब सरकारला विचारण्याआधी साहित्य संमेलनांना विचारला पाहिजे. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव कुठे झाला? १२ मे १९४६ रोजी, बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्षपदी असताना. ठराव लेखकांनी केला आणि दहा वर्षांनी त्याची किंमत मोजली ती गिरणी कामगारांनी, फेरीवाल्यांनी आणि शाळकरी वयाच्या पोरांनी. मेलेल्यांची नावे तरी आपल्याला धड ठाऊक आहेत का? आकड्यावरही एकमत नाही: कुणी १०५ म्हणतो, कुणी १०६, अलीकडे १०७. अभिजात दर्जाचा फेटा बांधून दर २७ फेब्रुवारीला मिरवणाऱ्या आपल्या काही मित्रांना यांतली दहा नावे विचारून पाहा. त्या मित्रांची नावे मी घेणार नाही. ती या मांडवात सर्वांना माहीत आहेत.

दुसरीकडे काय झाले तेही बघू. आसाममधल्या सिल्चरला १९ मे १९६१ रोजी रेल्वे स्थानकावर बंगाली भाषेसाठी सत्याग्रह चालू होता. आदल्या वर्षीच्या कायद्याने असमिया ही राज्याची एकमेव राजभाषा ठरली होती आणि बराक खोऱ्यातले बंगालीभाषक त्याविरुद्ध उठले होते. दुपारी गोळीबार झाला आणि अकरा जीव गेले. त्यांत कमला भट्टाचार्य होती, सोळा वर्षांची. तिचा जन्म सिलहटचा. फाळणीनंतर तिचे घर १९५० साली सिल्चरला आले. वडील हयात नव्हते, बहिणीच्या नोकरीवर घर चालत होते. मुलगी छोटेलाल सेठ इन्स्टिट्यूटमध्ये शिकली, मॅट्रिकला बसली, पुढे टंकलेखन शिकायचे असे तिच्या मनात होते. परीक्षा संपली आणि लगेच हा सत्याग्रह आला. अश्रुधुरापासून बचाव म्हणून आईने तिच्याजवळ कापडाचा तुकडा दिला. धाकटी बहीण मंगलाही सोबत होती, ती जबर जखमी झाली. कमलाच्या डोळ्यातून गोळी डोक्यात शिरली. मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा ती उत्तीर्ण होती. हे सगळे तिकडे कसे टिकले? शाळा, बहिणी, परीक्षा, कापडाचा तुकडा, हे तिथल्या लोकांनी लिहून ठेवले. पुढे २०११ साली तिच्या शाळेच्या आवारात तिचा पुतळा बसला. ढाक्याला २१ फेब्रुवारी १९५२ रोजी मेलेला अबुल बरकत हा विद्यापीठाचा विद्यार्थी होता, हे आज जगाला ठाऊक आहे. जे दिवस जगाने पाळायला घेतले, त्यांच्यामागे आधी कुणीतरी बसून लिहिले होते.

आता आपल्या हुतात्म्यांची यादी घ्या. फ्लोरा फाउंटनला २१ नोव्हेंबर १९५५ रोजी गोळीबार झाला. जानेवारी १९५६मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, आणि मुंबई-बेळगाव-निपाणीत पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. या यादीत एक नाव आहे गजानन ऊर्फ बंडू गोखले. घरात मारायची हाक सरकारी कागदापर्यंत पोचली, पण त्या घरात कोण कोण होते ते यादी सांगत नाही. आणखी दोन नोंदी आहेत, 'बालमोहन' आणि 'अनंता', वडिलांचे नाव नाही, आडनाव नाही. चिमणलाल शेठ, महमद अली, एडवीन आमब्रोझ साळवी, होरमसजी करसेटजी ही नावेही त्यातच. हा लढा गुजराती-द्वेषाचा होता असे पुस्तकी पंडित सांगतात, तेव्हा त्यांनी ही यादी तरी वाचावी! आणि जोसेफ डेव्हिड पेजारकर? नावावरून हा बेने इस्रायल या कोकणातल्या यहुदी समाजातला आणि मूळ आपल्याच जिल्ह्यातल्या पेझारीचा दिसतो. मराठी राज्यासाठी यहुदी माणूस मरतो, आणि एकाही कोकणी कादंबरीकाराला त्यात कथानक दिसत नाही. आम्हाला दिसतात ती नारळ-सुपारीची वाडी आणि गणपतीला येणारा चाकरमानी.

हुतात्म्यांची आयुष्ये लिहिण्याच्या कामासाठी महाडइतकी योग्य जागा दुसरी नाही. जवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख देशाचे अर्थमंत्री झाले, कुलाब्यातून लोकसभेवर गेले. जुलै १९५६मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले, आणि लोकसभेतल्या निवेदनात गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेल्याचा मुद्दा ठणकावून मांडला. चौकशी झाली असती, तर प्रत्येक मृत माणसाचे नाव, वय, धंदा, तो तिथे का होता हे शपथेवर नोंदले गेले असते. नाते गावच्या माणसाने मागितलेली ती नोंद सरकारने होऊ दिली नाही, आणि आपण लेखकांनीही केली नाही. दुसरे उदाहरण याच गावातले आहे. २० मार्च १९२७ला चवदार तळ्यावर जे घडले, त्याला दोन आठवडे होत असताना, ३ एप्रिलला, बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' काढले आणि त्यात महाडची हकीकत मांडली. त्या लेखणीने महाडची हकीकत टिकवली. तळी तर देशभर पुष्कळ आहेत.

ही चरित्रे लिहा म्हटले की आक्षेप येतील, येऊ देत. पहिला असा, की लढा राज्यासाठी आणि मुंबईसाठी होता, भाषेसाठी नव्हता. मग माडखोलकरांच्या संमेलनाने तो ठराव कोणत्या अधिकाराने केला? राज्य भाषेच्या पायावर मागितले होते. तो पाया काढला तर मागणीच उरत नाही. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: मेलेल्यांतले काहीजण मोर्चात नव्हतेच, नुसते रस्त्यावर होते, त्यांना हुतात्मा कसे म्हणायचे? याचे उत्तर चरित्रातच मिळेल. एखादा दूध आणायला निघाला होता असे निघाले, तर तसेच लिहा. त्याने हुतात्म्याचा मान कमी होत नाही, गोळी घालणाऱ्याचा दोष मात्र वाढतो. तिसरा आक्षेप आळशाचा आहे, की कागद नाहीत. मुंबईत तेव्हा कोरोनर होता, इस्पितळांत नोंदी होत्या, 'नवयुग' साप्ताहिकाचे अंक निघत होते, नातेवाइकांची घरे होती. शोधायला निघालेल्याला कागद सापडतात. परिसंवादात बसणाऱ्याला सापडत नाहीत. चौथे म्हणतील, मराठी शाळा बंद पडत असताना मेलेल्यांचे काय घेऊन बसलात? पोलादपूरच्या वाडीवस्तीतली शाळा पटसंख्येच्या नावाखाली बंद होते, तेव्हा तिच्यासाठी ग्रामपंचायतीबाहेर कोण उभे राहते? भाषेसाठी कुणी काय सोसले हे ज्या पिढीला कुणी सांगितले नाही, ती कशासाठी उभी राहील?

म्हणून या संमेलनापुढे ठराव मांडतो. पुढच्या संमेलनाआधी संमेलन भरवणाऱ्या संस्थेच्या प्रत्येक शाखेने यादीतले एक नाव घ्यावे, कोकणातल्या आडनावांपासून सुरुवात करावी, आणि त्या माणसाची जन्मापासूनची हकीकत पुराव्यानिशी लिहून छापावी. संमेलनाच्या भोजनखर्चातून त्यासाठी पैसे काढावेत. ज्यांचा विरोध असेल त्यांनी आत्ताच उभे राहून बोलावे. मांडवामागे चहा पिताना नव्हे.