जुनी मोटार आणि तिच्या रबरी नळ्या
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत मोटारीच्या रबरी नळ्यांविषयी कोणी बोलावे, याचे आपणांपैकी काही जणींना नवल वाटेल. पाककृती, बालसंगोपन, आरोग्य हे आपले नेहमीचे विषय. परंतु आज आपल्या पुष्कळ घरांपुढे मोटार उभी असते, ती बहुधा कोणाकडून तरी जुनी घेतलेली असते, आणि ती चालवणाऱ्याही आपणच असतो. तेव्हा तिच्या पोटात काय आहे हे पाहणे आता आपल्या गृहव्यवस्थेतच मोडते.

त्यातून आपण पनवेलच्या. पुण्याकडे निघालो की बोरघाट आणि कोकणात निघालो की पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता, असे दोन्ही मार्ग आपल्या दारातून जातात. बोरघाटातून गाडीवाट खुली झाली ती 1830 साली. बंदरावर उतरलेला माल पनवेलहून बैलगाड्यांनी घाटावर जाई, आणि गाड्यांची चाके बनवणे हा एके काळी इथला मोठा धंदा होता. घाट चढण्यापूर्वी चाकाला वंगण घालायचे, आख पाहायचा, हे त्या गाडीवानांना कोणी सांगावे लागत नसे. द्रुतगती मार्ग 2002 साली पुरा झाला, प्रवास तासा-दीड तासावर आला, आणि निघण्यापूर्वी गाडी पाहण्याची ती सवय मात्र सुटत चालली.

आता नळ्यांकडे वळू. इंजिनाच्या उष्णतेने धातू वितळू नये म्हणून त्यातून सतत पाणी, म्हणजे खरे पाहता कूलंट मिसळलेले पाणी, फिरत असते. ते तापून वरच्या नळीने रेडिएटरमध्ये येते, तिथे निवते आणि खालच्या नळीने परत इंजिनात जाते. हे सारे झाकणाने घट्ट बंद असते. आपल्या प्रेशर कुकरात जेवढा दाब असतो, जवळजवळ तेवढाच दाब इथेही धरलेला असतो. त्यामुळे ते पाणी शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. म्हणजे एक कुकरच आपण पुढे ठेवून प्रवास करतो, आणि त्या कुकराची बाजू काही ठिकाणी रबराची आहे, एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सगळे आपोआप समजते.

रबर हे वापराने झिजते, पण त्याहून अधिक ते वयाने झिजते. जुनी गाडी विकणारा मोठ्या अभिमानाने सांगतो, "ताई, गाडी फारशी चाललेलीच नाही." ठीक आहे, परंतु बारा वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे रबरही बारा वर्षांचेच असते. आपल्या स्वयंपाकघरातल्या गॅसच्या नळीवर मुदत छापलेली असते आणि पाच वर्षांनी आपण ती निमूटपणे बदलतो. ती फुटलेली नसते, तरी बदलतो. मोटारीच्या नळीची मुदत आपल्याला अशी कोणी सांगत नाही, म्हणून ती आपणच पाहायची.

पाहायची कशी? सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडावे. वरची जाड नळी हाताने दाबावी. ती घट्ट पण लवचिक लागली पाहिजे. कुकरची जुनी गॅस्केट जशी कडक होते तशी ती कडक लागली, किंवा उलट पिकल्या केळ्यासारखी मऊ लागली, तर तिचे दिवस भरले. दाबताना आत करकर वाजली, मध्येच फुगीर दिसली, तेलाने चिकट झाली, तरी तेच समजावे. सर्वांत बारकाईने पाहायचे ते दोन्ही टोकांना, क्लिपच्या लगत. नळी पुष्कळदा तिथेच आणि आतून चिरते. वरून ती चांगली काळी तुकतुकीत दिसते. क्लिपभोवती पांढरा किंवा हिरवट थर जमला असेल, तर पाणी तिथून झिरपून वाळते आहे.

याशिवाय हीटरच्या बारीक नळ्या असतात, त्या मागे दडलेल्या असल्याने कोणी पाहत नाही. आणि पेट्रोलची नळी. तिच्याबाबत मात्र "पुढच्या महिन्यात पाहू" म्हणू नये, कारण तिथे प्रश्न आगीचा आहे. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. 2023 पूर्वीच्या गाड्या बहुतेक या मिश्रणासाठी बनवलेल्या नव्हत्या, आणि काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेच 2025 साली सांगितले आहे. बॉनेटपाशी पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू न करता मिस्त्रीलाच घरी बोलवावे.

आता समजा, नळी वाटेतच गेली. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत रस्ता सुमारे पाचशे मीटर वर चढतो. इंजिनाला कष्ट फार आणि वेग कमी, म्हणून नळी फुटायची ती बहुधा इथेच. गणपतीच्या दिवसांत कोकणच्या वाटेवर गाड्यांच्या रांगेत खोळंबून राहावे लागते तेव्हाही तोच धोका. उष्णतेचा काटा वर जाऊ लागला, गोडसर वास आला, वाफ दिसली, की गाडी डावीकडे कडेला घेऊन इंजिन बंद करावे. "एवढा घाट चढून जाऊ" ही बुद्धी फार महागात पडते. नळीचे काम काही शे रुपयांत होते. तापलेले इंजिन आणखी दोन-तीन किलोमीटर हाकले तर हेड गॅस्केट जाते, हेड वाकते, आणि बिल हजारांवर जाते. आणखी एक फसवी गोष्ट सांगते. पाणी सगळे सांडून गेले की काटा कधी कधी आपला आपण खाली येतो, कारण त्याला उष्णता सांगणारे पाणीच उरलेले नसते. काटा उतरला म्हणजे गाडी निवली, असे समजू नये.

गाडी थांबली की चारी दिवे लुकलुकते ठेवावेत, मुलांना आणि वडीलधाऱ्यांना कठड्यापलीकडे सुरक्षित जागी उभे करावे. आणि रेडिएटरचे झाकण उघडू नये. वाफ भरलेल्या कुकराचे झाकण आपण ओढतो का? इथेही तेच. निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा. मग जाड फडके टाकून, तोंड बाजूला धरून, हळूहळू. शेजारी कोणी उतावीळ मदतनीस उभा राहिला तर त्यालाही ठामपणे थांबवावे. चेहरा आणि हात भाजण्यापेक्षा उशीर झालेला बरा. चीर टोकापाशी असेल आणि नळी पुरेशी लांब असेल, तर तेवढे टोक कापून नळी पुन्हा बसवता येते. रबरी टेप गुंडाळूनही जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते, पण तेवढ्यापुरतेच. टेप लावलेली नळी घेऊन वर्ष काढणाऱ्या गाड्या असतात, त्यांच्या वाटेला आपण जाऊ नये.

नळी बदलताना वरची आणि खालची अशा दोन्ही बदलाव्यात, क्लिपाही नव्या घ्याव्यात, आणि नळाचे किंवा बोअरचे पाणी न भरता योग्य कूलंट भरावे. कूलंट चवीला गोड पण विषारी असते. सांडलेले लगेच पुसावे, मुले आणि मांजरे दूर ठेवावीत. मिस्त्रीकडून जुनी नळी परत मागून घ्यावी आणि सुरीने (स्वयंपाकाच्या नव्हे!) उभी चिरून आतून पाहावी. एकदा आतल्या भेगा डोळ्यांनी पाहिल्या की "अजून चालेल हो" हे वाक्य पुन्हा पटत नाही.

कारण भगिनींनो, अडचण ज्ञानाची नाही, त्या वाक्याची आहे. घरात गाडीवर खर्च करायचा म्हटला की नवी सीट कव्हरे चटकन येतात, कारण ती दिसतात. नळी दिसत नाही, म्हणून ती राहते. घरखर्चाची वही जिच्या हाती आहे, तिने या दोन नळ्यांचा खर्च त्या वहीत आधी लिहावा, आणि कोणी हसले तर हसू द्यावे.

येत्या रविवारी सकाळी आपल्यापैकी प्रत्येकीने बॉनेट उघडून वरची नळी एकदा दाबून पाहावी, एवढीच माझी विनंती आहे.