घरोघरी रोगांची मोजदाद



आपल्या व्याख्यानमालेचे चिटणीस विषय ठरवायला माझ्याकडे आले, तेव्हा मी त्यांना ‘रोग कसे मोजतात’ असा विषय सांगितला. गृहस्थ भिडस्त. थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, “पण प्रोफेसरसाहेब, त्यात तासभर बोलण्याजोगे काय आहे? इस्पितळातली वही उघडावी आणि रोगी मोजावेत!” मी हसलो खरा, पण जवळजवळ अशाच समजुतीवर मोठमोठे तज्ज्ञही कित्येक वर्षे विसंबून होते आणि त्यापायी एकेका देशाचे आकडे दुपटीने चुकले, हे त्यांना तेव्हा सांगितले नाही. ते आज सांगतो. मी वैद्य नव्हे. संख्याशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला. तेव्हा औषधोपचाराच्या शंका कृपा करून मला विचारू नका.

एच. आय. व्ही. या विषाणूची गोष्ट अशी की, तो अंगात शिरल्यावर माणूस वर्षानुवर्षे धडधाकट दिसतो, शेत नांगरतो, लग्नकार्यात नाचतो. त्याचे त्यालाही ठाऊक नसते. मग देशात असे लोक किती, हे कळावे कसे? एक सोयीची युक्ती निघाली. गरोदर बायका दवाखान्यात येतात, दुसऱ्या चाचणीसाठी त्यांचे रक्त घेतलेले असतेच. त्यातले उरलेले रक्त, नावगाव काढून टाकून, तपासायचे. युक्ती स्वस्त आणि वर्षानुवर्षांचा चढउतार दाखवायला चांगली. परंतु असे दवाखाने बहुधा शहरांत आणि हमरस्त्यांवर, म्हणजे जेथे हा रोग अधिक तेथेच. शिवाय पुरुष काही गरोदर होत नाहीत! चूक एकाच बाजूची होती असेही नव्हे. या विषाणूने स्त्रीची गर्भधारणा कमी होते, म्हणून बाधित बायका त्या रांगेत कमीच दिसत. दोन चुका एकमेकींना फेडून टाकतील अशी आशा होती. ती फोल ठरली. केनियात २००१ च्या अखेरीस प्रौढांपैकी सुमारे १५ टक्के लोक बाधित असावेत असा अंदाज होता. २००३ साली घरोघर जाऊन रक्त तपासले, तेव्हा आकडा निघाला ६.७ टक्के.

केनियाला हसण्याचे मात्र आपल्याला कारण नाही. २००६ सालापर्यंत भारतात पन्नास लाखांहून अधिक बाधित आहेत असे धरले जात होते. मग २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एक लाखाहून अधिक स्त्रीपुरुषांचे रक्त तपासले गेले. या पाहणीची सूत्रे मुंबईला देवनारच्या लोकसंख्या संस्थेकडे होती. दवाखान्यांतील केंद्रेही तोवर वाढली होती. या सगळ्याचा मेळ घालून २००७ साली नवा आकडा जाहीर झाला, तो सुमारे पंचवीस लाखांचा. अर्धे रोगी कागदावरून नाहीसे झाले, आणि त्यांतला एकही बरा झालेला नव्हता. ते मुळी नव्हतेच.

घरोघर जायचे म्हणजे काय करायचे, हे पाहायला आपण टांझानियात जाऊ. तेथे २००३-०४ साली एच. आय. व्ही.ची अशी पाहणी झाली. २००७-०८ मध्ये तीत हिवतापाचीही भर पडली आणि २०११-१२ साली पुन्हा दोन्ही रोग एकत्र मोजले गेले. साडेचार कोटींचा देश, आणि पाहणीला निवडलेली घरे साडेदहा हजार. आपण म्हणाल, शितावरून भाताची परीक्षा! म्हण खरी आहे, पण ती सारखा उकळलेल्या भाताबद्दल आहे. देश सारखा उकळत नाही. कोठे करपतो, कोठे कच्चा राहतो. म्हणून शिते भांड्याच्या प्रत्येक भागातून उचलावी लागतात. २००२ च्या जनगणनेतील छोट्या छोट्या विभागांतून ५८३ विभाग चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले, प्रत्येक विभागातील घरांची नवी यादी केली आणि त्या यादीतून ठराविक अंतराने घरे घेतली. येथे एक कडक नियम असतो. निवडलेले घर बंद दिसले म्हणून शेजारचे घ्यायचे नाही. पुन्हा यायचे, तिसऱ्यांदाही यायचे. जो नेहमी घरी सापडतो आणि जो सापडत नाही, त्या दोघांचे आयुष्य एकसारखे नसते.

तिकडे दाराशी उभे राहून ‘होडी’ अशी हाक देतात. हा नावेचा शब्द नव्हे, ‘येऊ का?’ असा स्वाहिली भाषेतला प्रश्न आहे. आतून ‘कारिबू’, म्हणजे ‘या’, असे उत्तर आले की पाहणीवाला आत येतो. काल रात्री या घरात कोणकोण झोपले, मच्छरदाणी आहे का, असल्यास दाखवाल का, काल तिच्याखाली कोण निजले होते, असे प्रश्न तो विचारतो. ‘मच्छरदाणी वापरता का’ असे मोघम विचारले तर जगातला कोणीही सभ्य माणूस ‘हो’ म्हणेल. ‘काल रात्री कोण निजले’ म्हटले की विचार करावा लागतो. मला हा प्रश्न संख्याशास्त्रातल्या पुष्कळ सूत्रांपेक्षा शहाणा वाटतो.

मग रक्त. पाच वर्षांखालच्या मुलाचे, आईबापांच्या संमतीने, हिवतापाकरिता; प्रौढांचे, त्यांच्या स्वतःच्या संमतीने, एच. आय. व्ही.करिता. दोन्हीकडे बोटाला टोचायचे आणि थेंब घ्यायचा. पण पुढची वाट निराळी. मुलाच्या रक्ताचा निकाल तेथेच, पंधरा-वीस मिनिटांत आईला सांगायचा, आणि हिवताप निघाला तर औषधही द्यायचे. प्रौढाचा थेंब मात्र टिपकागदासारख्या जाड कागदावर वाळवायचा, त्याला नाव नाही, फक्त रेघांचे चिन्ह लावायचे, आणि तो दार-एस्-सलामच्या प्रयोगशाळेकडे पाठवायचा. तेथे त्याचा निकाल लागे. पण तो ज्याचा थेंब, त्याला कधीच कळत नसे. एच. आय. व्ही.ची तपासणी कोठे करून मिळेल एवढे त्याला सांगत. गावात बोभाटा होऊ नये, लोकांनी भिऊन नकार देऊ नये, म्हणून ही व्यवस्था. आकडा खरा यावा यासाठी माणसाला अंधारात ठेवायचे! ज्याने रक्त दिले त्याच्याशी हा व्यवहार चोख झाला का, या प्रश्नाचे ओझे त्या पाहण्यांवर होतेच.

आता हिवतापाचा आकडा पाहा. २०११-१२ साली त्याच मुलांचे रक्त दोन रीतींनी तपासले. घरीच केलेल्या झटपट पट्टीने ९ टक्के मुलांत हिवताप दाखवला. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली काच पाहिली तर तो ४ टक्केच दिसला. खोटे कोण? कोणीच नाही. सूक्ष्मदर्शकातून आज रक्तात असलेले जंतू दिसतात. ती पट्टी जंतूंनी रक्तात सोडलेला एक पदार्थ ओळखते, आणि तो जंतू मेल्यावरही काही आठवडे रक्तात रेंगाळतो. शिवाय फार थोडे जंतू पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटतातही. म्हणून एका सालाच्या पट्टीची तुलना दुसऱ्या सालाच्या काचेशी करून ‘रोग निम्म्यावर आणला’ असे जाहीर करणाऱ्यापासून जपावे.

तुलनेत आणखीही खळगे आहेत. पट्टीने मोजलेला हिवताप २००७-०८ मध्ये १८ टक्के होता, तो २०११-१२ मध्ये ९ झाला. उत्तम; त्या वर्षांत मच्छरदाण्या खरोखरीच वाटल्या गेल्या होत्या. पण पहिली पाहणी ऑक्टोबर ते फेब्रुवारीतली, दुसरी डिसेंबर ते मेमधली; पाऊस बदलला की डासही बदलतात. २०१५-१६ मध्ये आकडा पुन्हा १४ वर गेला आणि २०१७ मध्ये ७ वर आला. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या कागेरा प्रांताचे उदाहरण तर वर्गात सांगण्याजोगे आहे. तेथे हिवताप ४१ टक्क्यांवरून ८ वर आला. फवारणी झाली होती, हे खरे. परंतु मध्यंतरी चाटो हा जिल्हा कागेरातून काढून गेइटा या नव्या प्रांतात घातला गेला होता, आणि गेइटात निघाले ३२ टक्के. म्हणजे घसरणीतला काही भाग डासाने केला नसून नकाशा काढणाऱ्याने केला असणे शक्य आहे.

एच. आय. व्ही.चा नकाशा याच्या अगदी उलटा. दक्षिणेकडच्या थंड डोंगराळ न्योम्बे प्रांतात डासाला फारसे कोणी विचारीत नाही, पण तेथे प्रौढांपैकी जवळजवळ १५ टक्के बाधित निघाले. देशाचा आकडा ५.१, आणि झांझिबार बेटांत तो एकाच्या आसपास. देशाची सरासरी ऐकून न्योम्बेच्या माणसाने निर्धास्त व्हावे काय?

आणि दार उघडलेच नाही त्यांचे काय? २०११-१२ साली स्त्रियांपैकी सुमारे ९० टक्क्यांनी रक्त दिले, पुरुषांपैकी ७९ टक्क्यांनी. उरलेल्यांत खाणीवर गेलेला, मासेमारीला गेलेला, मालमोटार घेऊन सरहद्दीपार गेलेला, असे पुष्कळ असणार. बराकी आणि तुरुंग तर ‘घर’ या शब्दात बसतच नाहीत. हिशेबाने काही भरपाई करता येते. पण न दिलेल्या थेंबाविषयी आम्ही संख्याशास्त्रज्ञ जे बोलतो, ते सभ्य भाषेतले अनुमान असते.

निकाल न सांगण्याची रीत पुढे मोडली. २०१६-१७ च्या पाहणीत एच. आय. व्ही.ची तपासणी घरीच करून निकाल ज्याचा त्याला सांगितला गेला. एवढ्या वर्षांत औषधे गावोगाव पोहोचली होती. आता सांगून उपयोग होता. त्या वेळी शंभर बाधितांपैकी साठांच्या आसपास लोकांनाच आपल्याला लागण आहे हे आधीपासून ठाऊक होते. २०२२-२३ मध्ये ही संख्या सुमारे ८३ झाली. बाकीच्यांना ती बातमी प्रथम सांगितली ती दाराशी ‘होडी’ म्हणून उभ्या राहिलेल्या त्या पाहणीवाल्याने, आणि ती सांगितल्यावर उपचार कोठे मिळतील त्या ठिकाणाची चिठ्ठी त्यांच्या हाती दिली.