आपल्या दारचा कुत्रा

(ज्युबिलीच्या सायंसभेंत पॅरिशच्या धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आजच्या मंगल दिवशीं धर्मगुरूनें कुत्र्यांविषयीं बोलावें, हें आपणांपैकीं कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु तरुण तोबिया प्रवासास निघाला तेव्हां त्याचा कुत्राही मागोमाग गेला, हें नमूद करण्यास पवित्र लेखकास कमीपणा वाटला नाहीं. मग मला तरी कां वाटावा?

आपल्या पॅरिशमधील एका तरुणापाशीं कारवानी जातीचा कुत्रा आहे. सोलापूर, सांगली, लातूर ह्या बाजूच्या वडीलधाऱ्यांस ही जात वर्णून सांगावयास नको. लांब तोंड, खोल छाती, आंत ओढलेलें पोट. आणि कानाशेपटीवर रेशमी केंस असले तर त्यास पश्मी म्हणावयाचें. हा प्राणी वासावर नव्हे, नजरेवर शिकार करणारा. तो चौखूर सुटला म्हणजे एकेका झेपेंत दोन वेळां त्याचे चारी पाय भूमीपासून सुटतात. आपल्या आजोबांनीं तो सशांसाठीं पाळला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ती शिकार बंद झाली, हें योग्यच झालें. परंतु कुत्र्याचे पाय मात्र तसेच राहिले.

गतवर्षीं हा तरुण आपला कुत्रा घेऊन शहरांतील श्वानप्रदर्शनास गेला, आणि त्याच्या आग्रहास्तव मीही गेलों. हीं प्रदर्शनें मूळचीं इंग्लंडांतलीं. १८५९ सालीं न्यूकॅसल येथें एक भरलें, त्यांत केवळ पॉइंटर व सेटर ह्या दोनच जाती होत्या. १८७३ सालीं तेथें केनेल क्लब निघाला. पुढें प्रत्येक जातीचा लेखी नमुना ठरला. परीक्षकानें एका कुत्र्याची तुलना शेजारच्या कुत्र्याशीं करावयाची नसते, त्या नमुन्याशीं करावयाची असते, असें मला तेथें सांगण्यांत आलें. हा नियम मला फार आवडला. रिंगणाबाहेर उभे असलेले आम्ही मात्र दिवसभर शेजारच्याच कुत्र्याकडे पाहत होतों.

मोकळ्या माळावर वाऱ्याशीं शर्यत करणारा तो जीव त्या लहानशा रिंगणांत दोरी धरून दुडक्या चालीनें फिरविला गेला. मग परीक्षकांनीं दांत पाहण्यास ओंठ उचलले, पाठीवरून हात फिरविला. कारवानीला परक्याचा हात सोसत नाहीं. तो गुरगुरला नाहीं, पण धन्याच्या पायांत शिरला तो बाहेर येईना. बक्षिस मिळालें नाहीं. जवळच एक सालुकी उभी होती, तिच्याभोंवतीं गर्दी लोटली होती.

परततांना तो बराच वेळ गप्प होता. अखेर म्हणाला, “फादर, हा विकून टाकतों. थोडें कर्ज काढलें तर सालुकीचें पिल्लूं मिळेल.”

“कर्ज फेडणार कसें?”

“बघूं पुढें.”

घरीं त्याच्या बहिणीची कॉलेजची फी भरावयाची होती. हें मला ठाऊक होतें, आणि त्यालाही. ज्या सालुकीसाठीं तो झुरत होता, ती जाणत्यांच्या मतें आपल्या कारवानीची चुलत बहीणच. १९२३ सालीं इंग्लंडांत तिला मान्यता मिळाली इतकेंच. आणि कारवानीचा भाऊबंद मुधोळचा कुत्रा तर २००५ सालीं आपल्या सरकारच्या टपाल तिकिटावर आला आहे.

हें सारें त्यास ऐकवावें, वर दहाव्या आज्ञेचें स्मरण द्यावें, म्हणून मीं तोंड उघडलें. आणि मला घंटा आठवली.

बंधुभगिनींनो, गेलीं दोन वर्षें ज्युबिलीनिमित्त मी आपणांकडे मोठ्या घंटेसाठीं वर्गणी मागत होतों. कशासाठीं? आपली जुनी घंटा लहान खरी, पण ओढ्यापलीकडच्या वस्तीपर्यंत स्पष्ट ऐकूं जाते. खरें कारण हेंच कीं, शेजारच्या पॅरिशमध्यें मोठी घंटा आली. प्रवचनांत मीं हें कधीं उच्चारलें नाहीं. तेव्हां त्या मुलास मी काय सांगणार? मीं त्याला घंटेची गोष्ट सांगितली. तो प्रथम हंसला, मग नाहीं हंसला.

संत पौल बेड्यांत असतांना फिलिप्पैकरांस लिहितो कीं, आहे त्या स्थितींत संतुष्ट राहण्यास आपण शिकलों. प्रेषितासही शिकावें लागलें. उपजत आलें नाहीं. मात्र ह्याचा विपरीत अर्थ कोणी करूं नये. गळकें छप्पर संतोषानें थांबत नाहीं, आणि मजुराची मजुरी बुडविणाऱ्यानें त्याला संतोष शिकवूं नये. पोप तेरावे लिओ ह्यांनीं १८९१ च्या परिपत्रकांत मजुरी बुडविणें हें घोर पाप म्हटलें आहे.

घंटेची वर्गणी ज्याची त्यास परत मिळेल. कोणास ती आपल्या मुलामुलींच्या फीसाठीं ठेवावयाची असल्यास तसें मला कळवावें. पैन्‌पैचा हिशेब सॅक्रिस्टीच्या दारावर लाविला आहे.

कुत्रा विकला गेला नाहीं. मागील रविवारीं मिस्सा झाल्यावर त्या तरुणानें त्याला काढणी झालेल्या ज्वारीच्या शेतांत सोडलें. आम्ही बांधावर उभे होतों. धुळीची एक रेघ ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि वळली. चारी पाय खरेंच दोनदां सुटतात काय, हें आमचे वेदीसेवक डोळे ताणून मोजूं लागले. पण कोणासही मोजतां आलें नाहीं.