माजघरातले लिंबू सरबत



1991 साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती आणि निर्यातशेती असा कार्यक्रम मांडला. त्यातल्या माजघरशेतीबद्दल आज बोलायचे आहे, आणि तेही फक्त लिंबाबद्दल.

बीडकडचा माणूस म्हणेल, आमचे फळ सीताफळ. खरे आहे, 2016 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो. सरबताला ते फळ नाही. विहिरीला थोडे पाणी असलेल्याच्या बांधावर कागदी लिंबाची चार झाडे असतात. आंबे बहाराची लिंबे पावसाळ्यात एकदम येतात आणि भाव पडतो. उन्हाळ्यात तेच लिंबू चढ्या भावाने घ्यावे लागते. म्हणजे पावसाळ्यात सरबत करून ठेवायचे आणि चैत्र-वैशाखात बाटली काढायची. सगळा व्यवहार या अंतरावर उभा आहे.

साधारण तीन किलो रसदार लिंबांचा एक लिटर रस निघतो. पिळताना साल आणि बी चिरडू नका, कडूपणा तिथूनच येतो. एक लिटर पाण्यात दोन किलो साखर विरघळवून एक उकळी द्या, गाळा, पूर्ण थंड होऊ द्या, मग रस मिसळा. रस उकळायचा नाही. भांडे स्टीलचे हवे. तांब्या-पितळेला आंबट चालत नाही. सव्वातीन लिटरच्या आसपास सरबत होते. यातली साखर निम्म्याच्या जवळ जाते. नुसत्या साखरेवर टिकवायचे तर ती शंभरात पासष्टच्या पुढे लागते. म्हणून खाण्याच्या प्रतीचे पोटॅशियम मेटाबायसल्फाईट दोन ग्रॅम, चमचाभर पाण्यात विरघळवून घाला. अंदाजाने चिमूट टाकू नका, मोजून घ्या. दम्याच्या माणसाला हे सरबत देऊ नका. जांभळाच्या सरबतात ही पूड रंग उडवते, तिथे सोडियम बेंझोएट वापरतात. बाटल्या उकळून, वाळवून भरा आणि अंधारात ठेवा.

आता हिशेब. आपली माणसे ऊस तोडायला जातात आणि साखर दुकानातून विकत आणतात. ती पूर्ण भावाने धरा. बाटली, झाकण, जळण धरा. लिंबू घरचे म्हणून फुकट धरू नका, आणि बाईची मजुरी तर मुळीच सोडू नका. कापसाच्या उत्पादनखर्चात घरच्यांची मजुरी धरा असे आपण सरकारला सांगतो. मग माजघरातली बाई काय बिनमोल आहे? एवढे धरून बाटलीमागे काही उरत नसेल तर घरापुरतेच करा. उरत असेल तर पैसा तिच्या हातात द्या.

विकायचे ठरले तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. 1955 चा जुना फळ उत्पादन आदेश आता राहिला नाही. पहिल्या वर्षी तीन किलोच लिंबे घ्या. पुढच्या बैठकीला बाटली आणा, आणि हिशेबाचा कागदही आणा.