घरच्या सर्व्हरला वीज किती आणि कशी?



रात्रंदिवस अखंड चालणारी यंत्रे घरात पूर्वी फार थोडी असत. भिंतीवरचे घड्याळ हे एक आणि पुढे आलेला फ्रीज हे दुसरे. आता त्यांत घरच्या सर्व्हरची भर पडू लागली आहे. सर्व्हर म्हणजे घरातली छायाचित्रे, घरा-जमिनीचे कागद, मुलांची प्रमाणपत्रे असे सारे एका जागी साठवून घरातल्या प्रत्येकाच्या फोनला व संगणकाला पुरविणारा एक लहानसा संगणक. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील ज्या घरांत जुनी मोडी दप्तरे आहेत, त्यांना तर त्यांच्या प्रतिमा जपून ठेवण्यास असे साधन फारच सोयीचे. असा सर्व्हर जुळविताना हार्ड डिस्क व मदरबोर्ड यांची निवड आपण चोखंदळपणे करतो. परंतु त्या सर्वांना वीज पुरविणारी पेटी, जिला बाजारात सगळेच ‘एसएमपीएस’ म्हणतात, ती मात्र कॅबिनेटबरोबर मिळेल ती पत्करतो. आजचा विषय ही उपेक्षित पेटी हाच आहे.

या पेटीचे काम थोडक्यात असे. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज घ्यायची आणि तिचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करून संगणकाच्या निरनिराळ्या भागांना द्यायची. या रूपांतरात काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. किती जाते, यावरच विजेचे बिल, पंख्याचा आवाज आणि पेटीचे आयुष्य ही तिन्ही अवलंबून आहेत.

पुष्कळांची समजूत अशी की, जितके वॅट अधिक तितकी पेटी उत्तम. वस्तुतः पेटीवर लिहिलेले वॅट ही तिची कमाल क्षमता होय. लहान सर्व्हर स्वस्थ बसलेला असताना, आणि दिवसाचा बहुतेक काळ तो तसाच बसलेला असतो, त्याला सुमारे २० वॅट पुरतात. ५०० वॅटच्या पेटीवर हा भार अवघा ४ टक्के झाला. दोन माणसांच्या भातासाठी पंगतीचे पातेले चुलीवर चढवावे, तसा हा प्रकार आहे. पातेले तापविण्यातच निम्मे सरपण संपते. २००४ साली सुरू झालेले ‘८० प्लस’ हे प्रमाणपत्र आपण खोक्यावर पाहतो. परंतु त्याच्या मूळ श्रेणीत पेटीची परीक्षा होते ती २०, ५० आणि १०० टक्के भारावर. १० टक्के भाराची कसोटी ‘टायटेनियम’ या बऱ्याच महागड्या श्रेणीत आहे. तेव्हा ४ टक्के भारावर पेटी कशी वागते, हे खोक्यावरच्या सोनेरी-रुपेरी चिन्हावरून कळत नाही. त्यासाठी जाणकारांनी केलेल्या चाचण्यांतील कमी भाराचे आकडेच पाहावे लागतात.

आता हिशेब पाहू. एक वॅट वर्षभर अखंड जळला, तर ८,७६० तासांत पावणेनऊ युनिट होतात. २० वॅटच्या कामासाठी एक पेटी भिंतीतून ३३ वॅट घेते आणि दुसरी २३ घेते, असे धरू. या १० वॅटच्या फरकाचे वर्षाकाठी सुमारे ८८ युनिट झाले. युनिटला ८ रुपये धरले तरी पाच वर्षांत साडेतीन हजार रुपये होतात. दुकानात वाचविलेले चारपाचशे रुपये असे अनेक पटींनी परत द्यावे लागतात.

तथापि केवळ स्वस्थ बसलेल्या सर्व्हरकडे पाहून पेटी घेणेही योग्य नव्हे. मोठ्या, म्हणजे साडेतीन इंची, हार्ड डिस्कची तबकडी फिरू लागताना ती काही सेकंद २५ ते ३० वॅट ओढते. मग मात्र पाचसात वॅटांवर येते. चार डिस्का एकदम सुरू झाल्या की त्यांचेच १२० वॅट झाले. त्यात बाकीच्या संगणकाचे ५० मिळविले, तर अडीचशे-तीनशे वॅटची चांगली पेटी पुरेशी होते. तबकडी नसलेल्या एकदोन एसएसडीच असतील, तर पेटीचीही गरज नाही. १२ व्होल्टचा बाहेरचा अ‍ॅडॉप्टर आणि मदरबोर्डाच्या खाचेत बसणारी लहानशी पट्टी एवढ्यावर काम भागते. तिला पंखा नसतो, म्हणून आवाजही नसतो. मात्र अशा साध्या पट्ट्यांत अ‍ॅडॉप्टरचे १२ व्होल्ट जसेच्या तसे पुढे जातात, म्हणून अ‍ॅडॉप्टर निकृष्ट असता कामा नये. त्यावर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक अवश्य पाहावा.

आवाजाचे गणितही उष्णतेशीच निगडित आहे. जी पेटी कमी तापते, तिचा पंखा संथ फिरतो. चार सेंटीमीटरचा चिमुकला पंखा कर्कश गुणगुणतो. बारा सेंटीमीटरचा पंखा तेवढीच हवा सावकाश व शांतपणे हलवितो. काही पेट्यांत थोड्या भारावर पंखा मुळीच फिरत नाही. रात्रीच्या शांततेसाठी हे उत्तम. परंतु मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांच्या घरात गेल्यावर कॅबिनेटमधील उष्ण हवेला वाट हवीच. पेटीतील कपॅसिटरांच्या बाबतीत असा ठोकताळा आहे की, तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्म्यावर येते. म्हणून सर्व्हर बंद कपाटात कोंडू नये.

वीज गेली म्हणजे काय, हाही प्रश्न आहेच. पुरवठा तुटल्यावर चांगली पेटी आपल्या साठ्यावर पूर्ण भाराच्या आसपासही साधारणतः १५ मिलिसेकंद तग धरते. भार थोडा असला तर त्याहून अधिक. तेवढ्या अवधीत यूपीएस सूत्रे हाती घेतो. घरच्या इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘साधा’ असे दोन पर्याय असतील, तर पहिला निवडावा. साध्या पर्यायाला बदल करण्यास अधिक वेळ लागतो आणि तेवढ्यात लिहिणे चालू असलेली डिस्क मध्येच थांबू शकते.

आणखी एक गोष्ट जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांसाठी. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर भिंतीतील अर्थिंग तुटलेले किंवा मुळातच नसलेले असण्याचा संभव फार. पेटीच्या आतील गाळणीतून निघालेली किंचित वीज जमिनीकडे जाण्याऐवजी पत्र्यावर येते. अशा वेळी पेटी बदलण्यापूर्वी वायरमनला बोलवावे.

तेव्हा खरेदीस निघण्यापूर्वी दोन आकडे कागदावर लिहून घ्यावेत. सर्व्हर स्वस्थ असताना किती वॅट लागतात, आणि सुरू होताना किती. पहिल्या आकड्यावरून पेटीची कार्यक्षमता पाहावी, दुसऱ्यावरून तिचा आकार ठरवावा. प्लग व सॉकेट यांच्यामध्ये लावण्याचे लहानसे वीजमापक मिळते. सर्व्हर चालू केल्यावर त्याने एकदा खात्री करून घ्यावी. आणि उत्तम पेटी घेतली म्हणून निर्धास्त होऊ नये. ती विजेची राखण करील. पण डिस्क आपल्या मरणाने जाणारच. ज्या पत्रांची व छायाचित्रांची भरपाई कोणत्याही बाजारात होत नाही, त्यांची दुसरी प्रत दुसऱ्या घरी असलीच पाहिजे.